अंधांस उद्योगाचा मार्ग दाखविणारे सर आर्थर पिअर्सन

अपंगास अन्न देणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु त्याच्या हातांस पुन्हा काम मिळवून देणे हे त्याहूनही श्रेष्ठ होय. इंग्लंडातील सर आर्थर पिअर्सन यांचे चरित्र याची साक्ष देते.

त्यांचा जन्म १८६६ साली वूकी या खेड्यात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी झाला. अठराव्या वर्षी एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत त्यांनी बक्षीस म्हणून कारकुनाची नोकरी मिळविली आणि पुढे १९०० साली 'डेली एक्सप्रेस' हे दैनिक काढले. परंतु छापील अक्षरांवर ज्यांचा संसार उभा, त्यांच्याच दृष्टीस काचबिंदूने ग्रासले. १९०८ साली शस्त्रक्रिया झाली, तरी पुढे काही वर्षांतच पूर्ण अंधत्व आले आणि वृत्तपत्रांचा व्याप सोडावा लागला.

पिअर्सन खचले नाहीत. महायुद्धात दृष्टी गमावलेले तरुण सैनिक परतू लागले, तेव्हा १९१५ साली त्यांनी लंडन येथे 'सेंट डन्स्टन्स' हे वसतिगृह स्थापिले. रुग्णालयात अशा सैनिकास ते स्वतः भेटत व बोटांनी चाचपून वेळ सांगता येईल असे घड्याळ त्याच्या हाती देत. वेळेपुरते का होईना, आता दुसऱ्यास विचारावयास नको, हा स्वावलंबनाचा पहिला धडा असे. वसतिगृहात ब्रेल लिपीबरोबरच सुतारकाम, टोपल्या विणणे, जोडे दुरुस्त करणे, कुक्कुटपालन, टंकलेखन, दूरध्वनी जोडून देणे व अंगमर्दनोपचार हे उद्योग शिकविले जात. शिक्षकांतही कित्येक अंधच असत. त्यामुळे नवागतास धीर येई. शिकून बाहेर पडलेल्यास संस्था वाऱ्यावर सोडीत नसे. कच्चा माल पुरविणे, मालास गिऱ्हाईक मिळवून देणे, कामाची प्रत राखणे, ही जबाबदारी ती पुढेही वाहत असे.

९ डिसेंबर १९२१ रोजी स्नानगृहात पाय घसरून पिअर्सन यांचा अकाली अंत झाला. परंतु कार्य थांबले नाही. गॅलिपोलीच्या रणांगणावर अंध झालेले न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी सेंट डन्स्टन्समध्येच शिकले. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डेहराडून येथे त्याच नावाचे वसतिगृह निघाले, तेव्हा त्याची धुरा मॅकेन्झींनी वाहिली. १९५० साली भारत सरकारने तेथे प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले.

आपल्या दारी येणाऱ्या अंधाच्या हाती नाणे ठेवताना, ते हात काय करू शकतील, हाही विचार आपल्या मनात यावा.