वाटाण्याच्या रोपावर कर्ज काढणारे दादासाहेब

रोहा : भात कापून झाले की ओलीवर वाल टाकायचा आणि काही दिवसांनी बांधावर उभे राहून उगवण बघायची, हे रोहा-पेणच्या शेतकऱ्याला नवीन नाही. पण रोप मान वर काढतं ते नेमकं कधी, हे कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही. ते डोळ्याला दाखवायचं वेड एका मराठी माणसाने घेतलं होतं. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईला जे. जे. मध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी शिकले. फोटोचा धंदा केला, छापखाना काढला, जादूचे प्रयोगही केले. चाळिशीच्या घरात असताना मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले देव असे पडद्यावर आणायचे, हेच डोक्यात बसलं. रात्रंदिवस त्याच नादात राहून काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, तरी नाद सुटला नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेऱ्याची मागणी नोंदवून दोन महिन्यांत परतले.

आता सिनेमाला पैसा हवा होता आणि द्यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त दिवस, ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. ती सगळी चित्रं सलग फिरवल्यावर दाणा फुटला, वेल वर चढली, शेंगा लागल्या, आणि हे सगळं मिनिटभरात! 'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचं नाव. मोबाइलमधला टाइम-लॅप्स तो हाच. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज दिलं. आज नुसतं उगवलेलं रोप दाखवून कोणी कर्ज देईल का? आधी सातबारा मागतील. तेवढ्यानेही भागलं नाही, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. त्या माउलीने नुसते दागिनेच दिले नाहीत. कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला आणि फिल्म धुण्याचं कामही शिकून घेतलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात त्यांचाही घाम होता.

पुढे पहिलं महायुद्ध पेटलं, पैशाची तंगी आली. मोठा चित्रपट परवडेना. १९१५ साली दादासाहेबांनी आगपेटीतल्या काड्या घेतल्या आणि 'आगकाड्यांची मौज' ही छोटी फिल्म केली. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रं लागत, म्हणजे मिनिटभराच्या खेळाला हजाराच्या आसपास. एखादी काडी चुकून हलली की घोटाळा. पेणच्या कारखान्यात गणपतीची आखणी करणाऱ्याला हा संयम लगेच कळेल. फरक एवढाच की तिथं मूर्ती स्थिर राहते, इथं निर्जीव काडी चालायला लागते. आपल्याकडच्या अॅनिमेशनची सुरुवात शोधताना या काड्यांपर्यंत जावंच लागतं.

दादासाहेबांनी नंतर 'लंकादहन', 'कालिया मर्दन' असे गाजलेले चित्रपट दिले. भागीदारांशी मात्र पटलं नाही. बोलपट आले आणि त्यांचा काळ मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हातात पैसा राहिला नव्हता.

काड्यांची ती फिल्म आज उपलब्ध नाही. 'कालिया मर्दन'चा काही भाग मात्र टिकलाय, तो मोबाइलवर बघायला मिळतो. त्यातला कृष्ण म्हणजे दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे एकेक भाव करून दाखवते, तेवढा भाग तरी पोरांना जवळ बसवून दाखवा.