रेव्हरंड ना. वा. टिळक : बाप्तिस्म्यापलीकडचा दरबार

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत आजही जी भजने गायिली जातात, त्यांतील कितीतरी रचना एका चित्तपावन ब्राह्मणाच्या लेखणीतून उतरलेल्या आहेत. नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मात्र आयुष्याच्या अखेरच्या दीड-दोन वर्षांत त्यांनी साताऱ्यात जो प्रयोग केला, त्याचा परिचय फार थोड्यांना आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. शिक्षण नाशिकला झाले. संस्कृतचा व्यासंग आणि कीर्तनाची आवड त्यांना लहानपणापासूनच होती. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना तरुणपणापासून छळत होता. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत सर्वाधिक मोजावी लागली ती पत्नी लक्ष्मीबाईंना. काही वर्षे पती-पत्नी एकमेकांपासून दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, त्याही सोवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्यांच्या मनातील जातीच्या भिंती त्यांच्या त्यांनीच पाडल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात आली आहे. टिळकांच्या विक्षिप्त, भोळ्या आणि तापट स्वभावाचे इतके निर्भीड चित्र दुसऱ्या कोणाला क्वचितच रेखाटता आले असते.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी ठरली. तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत ते शिकवीत. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मंडळी प्रार्थनेस जमत, परंतु त्यांची गाणी बहुधा परक्या चालींवरची भाषांतरे असत. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी त्या वाटेवर अभंग आणि ओवी आणून बसविली. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी त्यांची धारणा होती. तुकोबांना सोडून ख्रिस्ती व्हावे लागते, हे त्यांना कधीच पटले नाही.

त्यांच्या नगरच्या घरी बालकवी ठोंबरे राहिले. त्यासाठी बालकवींना धर्म बदलावा लागला नाही. पुढे साताऱ्यात जे घडले, त्याचे बीज कदाचित या घरातच सापडेल.

ख्रिस्तावर प्रेम करणारे कितीतरी हिंदू मित्र टिळकांच्या भोवती होते. परंतु बाप्तिस्मा घेतल्यास घरदार आणि जात सुटे, तर न घेतल्यास चर्चमध्ये स्थान नसे. त्यातच परदेशी मिशनऱ्यांच्या पैशावर आणि आज्ञेवर चालणारे चर्च लोकांना आपले वाटत नव्हते. मिशनऱ्यांविषयी टिळकांच्या मनात कृतज्ञता होती. तथापि देशी मंडळींनी कायम त्यांच्या ओंजळीने पाणी प्यावे, हे या देशाभिमानी कवीला मान्य नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करण्याचा संकल्प सोडला.

या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बरोबरीने बसावेत, अशी कल्पना होती. भजन आणि सहवास यांतून सर्वांनी मिळून ख्रिस्ताचा शोध घ्यावयाचा होता. साठीकडे झुकलेल्या, प्रकृती खालावलेल्या माणसाने ठरलेल्या वेतनावर पाणी सोडून हे धाडस करावे, याचे अनेकांना नवल वाटले. काही ख्रिस्ती बांधवांना त्यात बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी होण्याचा धोका दिसला. ही शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. टिळकांनी तिची पर्वा केली नाही, इतकेच.

दरबाराला वेळ मात्र फार थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्यानंतर दरबार टिकला नाही. त्यांचे चरित्र लिहिणारे इंग्रज धर्मोपदेशक जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि आश्रमजीवनाची ती कल्पना आपल्या परीने पुढे नेली. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरेच राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे चौसष्ट अध्याय रचले.

ख्रिस्ती समाजात दफनाची रीत असताना आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी टिळकांची इच्छा होती. त्याप्रमाणे मुंबईत त्यांचे दहन झाले आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावल्या.