रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई शहराचे रूप झपाट्याने पालटले. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी सूत काढण्याची गिरणी उभारण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे ती गिरणी सुरू झाली. तिच्या पाठोपाठ एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. उंच धुरांडी आकाशात धूर सोडू लागली. कोकणातील व घाटावरील हजारो शेतकरी आपली घरेदारे सोडून पोटासाठी मुंबईस आले. व्यापार वाढला, संपत्ती वाढली, शहराचे वैभव वाढले. परंतु हे वैभव ज्यांच्या श्रमांवर उभे होते, त्यांच्या वाट्याला मात्र फार थोडे सुख आले.

त्या वेळच्या गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू होई आणि सूर्य मावळला की थांबे. उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत कामगाराला तेरा-तेरा तास उभे राहावे लागे. कापसाच्या तुसाने हवा कोंदून जाई. छताजवळ लोखंडी दांडे अखंड फिरत असत आणि त्यांवरून खाली आलेले चामडी पट्टे यंत्रांची चाके गरगरा फिरवीत असत. त्या यंत्रांना पुष्कळदा कुंपण नसे. थकलेल्या माणसाच्या धोतराचा सोगा पट्ट्यात सापडला, किंवा तुटलेला धागा जोडताना बोटे दातेरी चाकांत गेली, की क्षणार्धात अनर्थ होई. हात गमावलेल्या माणसाला गिरणीत काम उरत नसे. काम नाही म्हणून पगार नाही, आणि पगार नाही म्हणून घरात अन्न नाही, अशी त्याची दशा होई. मालक उदार असला तर चार रुपये हातावर ठेवी. नसला तर तेही नाही. जे मिळे ते दान म्हणून मिळे. हक्क म्हणून काहीही मिळत नसे.

ही दानाची भाषा बदलून हक्काची भाषा बोलायला ज्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना शिकविले, ते थोर पुरुष म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे होत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे फुलमाळी समाजातील असून मूळचे पुणे जिल्ह्यातले होते. घरची गरिबी असूनही त्यांनी ठाणे येथे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण घेतले. त्या काळी कष्टकरी कुटुंबातील मुलाने इतके शिकणे ही लहान गोष्ट नव्हती. शिक्षणानंतर त्यांनी काही काळ रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या मांडवी भागातील एका गिरणीत भांडारप्रमुख म्हणून ते काम पाहू लागले. या नोकरीने त्यांना गिरणीचे अंतरंग दाखविले. हिशेबाच्या वह्या त्यांच्या हाती होत्या आणि कामगारांचे हाल त्यांच्या डोळ्यांसमोर होते. यंत्र मोडले तर त्याच्या दुरुस्तीची तजवीज त्वरित होते, परंतु माणूस मोडला तर त्याची तजवीज करणारे कोणी नाही, ही विसंगती अशा ठिकाणी काम करणाऱ्या विचारी मनाला जाचल्यावाचून राहणे शक्य नव्हते.

याच सुमारास ते महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांकडे ओढले गेले. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. लोखंडे त्या समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यास ‘दीनबंधु’ हे पत्र काढले होते. पैशाच्या अडचणीमुळे ते बंद पडले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईस आणून पुन्हा सुरू केले. पुढे अखेरपर्यंत त्यांनी ते चालविले. शेतकरी व कामगार यांची गाऱ्हाणी निर्भयपणे मांडणारे ते पत्र होते. ज्यांना स्वतः लिहितावाचता येत नव्हते, त्यांचे म्हणणे त्यामुळे राज्यकर्त्यांच्या कानांपर्यंत पोहोचू लागले.

१८८१ मध्ये हिंदुस्थान सरकारने कारखान्यांविषयीचा पहिला कायदा केला. शंभर किंवा अधिक माणसे जेथे यंत्रावर काम करीत, अशा कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, बारा वर्षांखालील मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण असावे आणि अपघात घडल्यास सरकारास कळवावे, अशी त्यात तरतूद होती. कायदा चांगला होता, पण अपुरा होता. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांना त्याने कोणतीही मर्यादा घातली नाही. अपघाताची खबर सरकारकडे जाई. परंतु ज्याला अपघात झाला, त्याच्या चुलीचे काय, याचा विचार त्या कायद्यात नव्हता.

मग जखमी कामगाराला न्यायालयाची वाट मोकळी नव्हती काय? कागदावर ती होती. दुसऱ्याच्या हयगयीमुळे एखाद्याचा मृत्यू झाला, तर त्याच्या कुटुंबीयांना भरपाईचा दावा लावता येईल, असा कायदा १८५५ मध्येच झालेला होता. परंतु ही वाट गरिबाच्या पायांसाठी नव्हती. दावा लावायचा म्हणजे वकील हवा, खर्चाला पैसा हवा आणि धीर धरून वाट पाहण्यासाठी घरात धान्य हवे. शिवाय हयगय मालकाची होती, हे कामगारानेच सिद्ध केले पाहिजे. त्यासाठी साक्षीदार कोण? शेजारच्या यंत्रावर उभा असलेला सोबती! त्याने साक्ष दिली, तर त्याच्या नोकरीवर पाणी सुटायचे. इंग्लंडातील न्यायाधीशांनी तर असा दंडक घातला होता की, इजा एखाद्या सहकाऱ्याच्या चुकीने झाली असेल, तर मालक तिला जबाबदार नाही. आणि आपल्याकडील न्यायालयेही मार्गदर्शनासाठी इंग्रजी कायद्याकडेच पाहत असत. अशा स्थितीत पंगू झालेला गिरणी कामगार न्यायालयाची पायरी चढणार तरी कसा?

लोखंडे यांनी या प्रश्नावर संघटनेचा मार्ग शोधला. १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगापुढे मालकांचे म्हणणे मांडायला त्यांची संस्था सज्ज होती. १८७५ पासूनच गिरणीमालक संघ काम करीत होता. कामगारांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. तेव्हा लोखंडे पुढे झाले. त्या वर्षी २३ व २६ सप्टेंबर रोजी त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या. दिवसभराच्या कष्टांनी शिणलेली माणसे त्या सभांना आली. तेथे मागण्यांचे एक निवेदन तयार झाले आणि सुमारे ५,५०० कामगारांनी त्याखाली आपल्या सह्या केल्या. याच उद्योगातून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही गिरणी कामगारांची संस्था उदयास आली. आपल्या देशातील कामगार चळवळीचा प्रारंभ पुष्कळ अभ्यासक येथूनच मानतात.

त्या निवेदनात पाच मागण्या होत्या. रविवारी सर्वांना सुट्टी असावी, ही पहिली. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, ही दुसरी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, ही तिसरी. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, ही चौथी. पाचवी मागणी जखमी कामगारांविषयी होती. गिरणीत काम करीत असताना गंभीर इजा झाली, तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा. आणि तो जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य सोय केली जावी, असे तीत मागितले होते.

ही पाचवी मागणी साधी वाटते. परंतु तिच्यात फार मोठा विचार सामावलेला आहे. चूक कोणाची, हे आधी ठरवा आणि मग भरपाई द्या, असे ती म्हणत नाही. माणूस कामावर असताना जखमी झाला, एवढे कारण तिला पुरेसे आहे. गिरणीचा नफा ज्याच्या पदरात पडतो, त्यानेच गिरणीतील धोक्याचा भारही उचलावा, हा त्या मागणीचा आशय आहे. तिच्यात आकांडतांडव नाही आणि दयेची याचनाही नाही. बरे होणाऱ्यासाठी एक आणि कधीच बरे न होणाऱ्यासाठी दुसरी, अशी व्यवहारी तरतूद तीत सुचविलेली आहे. योगायोग असा की, याच १८८४ साली जर्मनीत कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा मंजूर झाला. जगातील एका पुढारलेल्या राष्ट्राने जे त्या वर्षी कायद्याने दिले, त्याच जातीचे मागणे त्याच वर्षी मुंबईच्या अर्धपोटी कामगारांनी आपल्या सह्यांनिशी मांडले होते.

सरकारने निवेदन स्वीकारले, परंतु त्यातून तत्काळ काही निष्पन्न झाले नाही. लोखंडे खचले नाहीत. वर्षामागून वर्षे गेली, तरी त्यांनी अर्ज, सभा आणि ‘दीनबंधु’तील लेखन यांचा क्रम सोडला नाही. त्यांच्या संस्थेजवळ सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियमही नव्हते. अडचणीत सापडलेला कोणीही गिरणी कामगार त्यांच्याकडे येई आणि लोखंडे त्याला मोफत सल्ला देत. त्यांच्या शब्दावरील लोकांचा विश्वास हेच त्या संस्थेचे भांडवल होते.

या चिकाटीला १८९० मध्ये फळ आले. त्या वर्षी २४ एप्रिल रोजी मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे १०,००० कामगार तिला हजर होते आणि दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणे केली. रविवारच्या सुट्टीची मागणी तेथे पुन्हा एकमुखाने करण्यात आली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने ती मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या वतीने लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. त्यानंतर १८९१ चा कायदा झाला. त्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा यांना कायद्याचा आधार दिला, स्त्रियांच्या कामाचे तास अकरांवर आणले आणि कामावर घेण्याच्या मुलांचे किमान वय नऊ केले.

पाचवी मागणी मात्र तशीच राहिली. सुट्टी देणे मालकांना पटले. मोडलेल्या हाताची जबाबदारी घेणे त्यांना पटले नाही.

लोखंडे यांची माणुसकी गिरणीच्या फाटकापाशी थांबत नव्हती. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात भीषण दंगल उसळली, तेव्हा त्यांनी कामगारांत फिरून शांततेसाठी झटून काम केले. सरकारने १८९५ मध्ये त्यांना ‘रावबहादुर’ हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. धनिक लोक शहर सोडून गेले, कामगारही गावाकडे पळू लागले. लोखंडे मात्र शहरातच राहिले आणि रोग्यांच्या शुश्रूषेसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. हे काम करीत असतानाच त्यांना प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचेही नव्हते.

त्यांच्या मृत्यूनंतर सहाच महिन्यांनी, ऑगस्ट १८९७ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. मालकाची चूक सिद्ध न करताही काही धोक्याच्या उद्योगांतील जखमी कामगाराला भरपाई मिळू लागली. आपल्या देशाला याहून बरीच अधिक वाट पाहावी लागली. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा येथे मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. काम करताना व कामाच्या ओघात अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्याने मान्य केले. तात्पुरत्या इजेसाठी ठरावीक मुदतीने रक्कम, कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमी भरपाई आणि मृत्यू आल्यास आश्रितांना साहाय्य, अशी त्याची रचना होती. दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक वाटेऐवजी दाव्यांच्या निकालासाठी स्वतंत्र आयुक्त नेमण्याची सोयही त्यात होती. पूर्ण पगाराची मागणी त्यानेही मान्य केली नाही. पगाराचा काही अंशच जखमीच्या हाती पडे. तरीही दानाचे दिवस संपले होते. १९४८ मध्ये झालेल्या कामगार राज्य विमा कायद्याने याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले.

१८८४ ते १९२४ ही चाळीस वर्षे होतात. ज्या ५,५०० लोकांनी त्या निवेदनाखाली सह्या केल्या, त्यांपैकी पुष्कळांनी हा दिवस पाहिला नसेल. ज्याने ते निवेदन पुढे ठेवले, तो तर कधीच काळाच्या पडद्याआड गेला होता. परंतु न्याय्य मागणी एकदा स्पष्ट शब्दांत मांडली गेली, की ती मांडणाऱ्याबरोबर मरत नाही. ती लोकांच्या मनात घर करून राहते आणि योग्य वेळ येताच कायद्याचे रूप घेते.

२००५ मध्ये भारत सरकारने लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईतील श्रमविज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले. ही स्मारके उचितच आहेत. तथापि त्यांचे खरे स्मारक आणखी एका ठिकाणी आहे. एखाद्या कारखान्यात जखमी झालेला कामगार जेव्हा हात न पसरता, मान ताठ ठेवून, आपली भरपाई हक्काने मागतो, तेव्हा तेथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मारक उभे असते.