मैल्याचे सोनखत करणारे अप्पासाहेब

कोकणचे गांधी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) हे मूळचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक. महात्मा गांधींच्या प्रभावाने त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि पुढचे आयुष्य ज्या विषयाचे नावही सुशिक्षित घरांत उच्चारले जात नसे, त्या मैला-सफाईला वाहिले.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे मैला साफ करण्याचे काम जात पाहून दिले जाई. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितले. ब्राह्मण कैद्याला ते देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी आपला आहार कमी केला. येरवड्यात बंदिवान असलेल्या गांधीजींनी डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला आणि सरकारला नमते घ्यावे लागले.

सवर्णांनी हाती झाडू घेतल्याने अस्पृश्यतेच्या भावनेला धक्का बसत होता. पण मैल्याची पाटी कोणाच्या तरी डोक्यावर राहतच होती. ती पाटीच नाहीशी करायची, तर संडासाची रचना बदलणे भाग होते. कणकवलीजवळ १९४८ मध्ये उभ्या राहिलेल्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी हे काम हाती घेतले.

कोकणातला प्रश्न तसा अवघड. पाऊस धो धो, जांभा दगड सच्छिद्र आणि विहीर घरालगत. उघड्यावरचा मैला पावसाबरोबर विहिरीत उतरतो आणि खोल खड्ड्यातलाही झिरपत पाण्यापर्यंत जाऊ शकतो. गावाला गटारे परवडत नाहीत, मैला वाहून न्यायला पुरेसे पाणीही नसते. गोपुरी संडासाचे तत्त्व साधे होते. मैल्यावर माती व पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला, की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद कप्प्यात काही महिन्यांत मैला कुजून त्याचे दुर्गंधीरहित सोनखत होते. ते उपसताना कोणाला किळस वाटू नये आणि शेतात टाकताना शेतकऱ्याला लाभ व्हावा, हा त्यामागचा हिशेब. मृत जनावरांच्या बाबतीतही त्यांची दृष्टी हीच होती. कातडे कमवावे आणि उरलेल्या अवशेषांचे खत करावे, हे काम त्यांनी स्वतः केले.

पुढे संडासाला गोबरगॅसची जोड देण्याचे प्रयोगही त्यांनी केले. हवाबंद टाकीत मैला कुजला, की जळाऊ वायू मिळतो आणि बाहेर पडणारी मळी झाडांना देता येते. हा धागा देहू येथील डॉ. मापुसकर यांनी पुढे नेला. मैल्यावर चालणाऱ्या गॅस संयंत्रांचा त्यांनी प्रसार केला आणि अप्पासाहेबांच्या नावाने सफाई तंत्रनिकेतन चालविले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध देशाने १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा केला. तरीही गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत उतरलेली माणसे गुदमरून मरतातच. गावोगावी शौचालये बांधली गेली, परंतु टाकी भरल्यावर ती कोण उपसणार आणि त्यातील मैला कोठे जाणार, याचे उत्तर अनेक ठिकाणी मिळत नाही. अप्पासाहेबांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्न हाच होता. शौचालयाचा विचार बांधकामापाशी थांबला, तर त्याचा भार अखेर त्याच माणसांवर पडतो, हे त्यांनी फार आधी ओळखले होते.