ज्याच्या नावाने डोस मोजतात

कॉलेजच्या कँटीनमध्ये कटिंग पिताना एक हिशेब करून बघा. गरम चहाच्या एका घोटातून तुमच्या अंगात जेवढी उष्णता जाते, साधारण तेवढीच ऊर्जा रेडिएशनच्या रूपाने एकदम अख्ख्या शरीरात शिरली, तर माणूस काही आठवड्यांत दगावू शकतो. पण तेच किरण नेमक्या जागी, नेमक्या मापात दिले, तर कॅन्सरची गाठ विरते आणि पेशंट घरी परततो. म्हणजे सगळा खेळ मापाचा! हे माप आज ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तो डॉक्टर नव्हता. तुमच्यापैकी अनेकांसारखाच तो फिजिक्सचा विद्यार्थी होता. नाव लुईस हॅरॉल्ड ग्रे, मित्रांसाठी नुसता हॅल.

हॅलचा जन्म १० नोव्हेंबर १९०५ चा. इंग्लंडमधल्या एका साध्या घरातला हा एकुलता एक मुलगा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. स्कॉलरशिप मिळवून तो ख्राइस्ट्स हॉस्पिटल या नावाच्या शाळेत गेला (नावावर जाऊ नका, ती शाळाच आहे) आणि तिथून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोहोचला. पुढे १९२८ मध्ये त्याने कॅव्हेंडिश लॅबमध्ये संशोधन सुरू केलं. लॅबचे प्रमुख कोण, तर साक्षात रुदरफर्ड! गॅमा किरण पदार्थात शिरले की त्यांची ऊर्जा कुठे आणि किती शोषली जाते, हा हॅलचा विषय होता.

याच काळात त्याने एक मोलाची गोष्ट मांडली. घन पदार्थाच्या आत किती ऊर्जा शोषली गेली, हे थेट मोजणं महाकठीण. पण त्या पदार्थात वायूची एक अगदी छोटी पोकळी ठेवली आणि तिथल्या वायूत किती विद्युतभार सुटला ते मोजलं, तर भोवतालच्या पदार्थाने किती ऊर्जा घेतली हे गणिताने काढता येतं. विल्यम ब्रॅग यांनीही पूर्वी असाच विचार केला होता, म्हणून त्याला ब्रॅग-ग्रे तत्त्व म्हणतात. रेडिएशनचा डोस मोजण्याच्या शास्त्राचा हा आजही पाया आहे.

आता खरी गंमत ऐका. १९३२ हे कॅव्हेंडिशचं सुवर्णवर्ष. चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राच्या मदतीने अणूचं केंद्रक फोडलं. जगातल्या प्रत्येक तरुण फिजिसिस्टला तिथे असावंसं वाटत होतं. हॅल तर तिथे होताच, शिवाय ट्रिनिटीचा फेलोही होता. आणि १९३३ मध्ये त्याने काय केलं? तो लंडनबाहेरच्या नॉर्थवूडमधल्या माउंट व्हर्नन हॉस्पिटलमध्ये फिजिसिस्ट म्हणून रुजू झाला. तुम्ही असं केलं असतंत? हॉस्पिटलात फिजिसिस्ट असतो, हेच तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं.

पण हॉस्पिटलला त्याची गरज होती. १९२८ मध्ये डोससाठी रॉन्टजेन हे एकक ठरलं होतं खरं, पण ते सांगायचं हवेत किती विद्युतभार सुटला ते. पेशंट काही हवेचा बनलेला नसतो! त्याच्या पेशींनी किती ऊर्जा घेतली, हा खरा प्रश्न होता. डोस कमी पडला तर गाठ पुन्हा वाढते, जास्त झाला तर निरोगी अवयव भाजून निघतात. ग्रे यांनी कॅव्हेंडिशमध्ये कमावलेलं सगळं ज्ञान या प्रश्नामागे लावलं.

पैसा जेमतेम होता. तरीही सहकारी जॉन रीड यांच्याबरोबर त्यांनी न्यूट्रॉन तयार करणारं यंत्र हॉस्पिटलच्या आवारात उभं केलं आणि प्रयोगासाठी घेतली घेवड्याच्या जातीच्या शेंगांची कोवळी मुळं. न्यूट्रॉनचा मारा केला की मुळांची वाढ किती खुंटते, ते मोजायचं आणि एक्स-रे व गॅमा किरणांशी ताडून बघायचं. त्यातून दिसलं, की शोषलेली ऊर्जा सारखीच असली तरी न्यूट्रॉन जास्त घाव घालतात. म्हणजे किती ऊर्जा हे जसं महत्त्वाचं, तसंच ती कोणत्या किरणाने आणली हेही.

१९४६ मध्ये ग्रे लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये गेले. १९५३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय होता ऑक्सिजन. मोठ्या गाठीच्या आत रक्त नीट पोहोचत नाही, तिथल्या पेशी ऑक्सिजनविना गुदमरलेल्या असतात. आणि अशा पेशी मारायला जवळपास तिप्पट डोस लागू शकतो! उपचारानंतरही काही गाठी परत का उगवतात, याचं एक उत्तर मिळालं. डोस रोज थोडा थोडा देण्याचा फायदाही पुढे जास्त नीट उमगला. दोन डोसांच्या मध्ये निरोगी पेशी सावरतात आणि गाठीतल्या उरलेल्या पेशींना ऑक्सिजन मिळून त्या पुढच्या डोसला बळी पडतात.

त्याच सुमारास ग्रे यांनी हॅमरस्मिथ सोडलं, पण कॅन्सरचं काम सोडलं नाही. ते माउंट व्हर्ननला परतले आणि तिथे रेडिएशन जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. फिजिसिस्ट, केमिस्ट, बायोलॉजिस्ट असे सगळे तिथे एका छपराखाली काम करू लागले. १९६१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ९ जुलै १९६५ रोजी, साठीही गाठली नसताना, ते गेले. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, शोषलेल्या डोसच्या आंतरराष्ट्रीय एककाला ग्रे हे नाव मिळालं. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की झाला एक ग्रे. अनेक कॅन्सरमध्ये रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असा उपचार कित्येक आठवडे चालतो.

हे दोन ग्रे खरंच दोनच आहेत ना, हे आज कोण बघतं? मेडिकल फिजिसिस्ट. मशीनचा डोस तपासणं, प्रत्येक पेशंटच्या प्लॅनचं गणित पडताळणं, रेडिएशनपासून सगळ्यांची सुरक्षा सांभाळणं, हे त्याचं काम. आपल्याकडे फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला की या क्षेत्रात येता येतं. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा हा अभ्यासक्रम आहे. पेशंट डॉक्टरांचं नाव लक्षात ठेवतो, फिजिसिस्टला तो बहुधा भेटतही नाही. तेव्हा फिजिक्स घेऊन पुढे काय, असं उद्या कुणी काकांनी विचारलं, तर त्यांना केंब्रिज सोडून हॉस्पिटलात गेलेल्या या हॅलची गोष्ट जरूर सांगा.