येसूबाईंची तीस वर्षे

संभाजी महाराजांच्या वधानंतर राजारामांना रायगडाबाहेर धाडून येसूबाई बाल शाहूसह गडावर राहिल्या. १६८९ मध्येच गड पडला आणि मायलेक बादशाही छावणीत कैद झाले. १६९५ ते १६९९ ही छावणी पंढरपूरनजीक भीमाकाठी ब्रह्मपुरीस होती. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावल्यावर शाहूंची सुटका झाली. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवण्यात आले. १७१८ च्या सय्यद हुसेन अलींशी झालेल्या करारात चौथाई-सरदेशमुखीबरोबरच त्यांच्या सुटकेचेही कलम घालावे लागले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना दिल्लीहून साताऱ्यास आणले. राज्यकर्ते बदलले, लढाया थांबल्या, म्हणून कैदी आपोआप घरी येत नाहीत. महसुलाच्या हक्काइतक्याच आग्रहाने त्यांची मुक्तता तहात मागून घ्यावी लागते.