रामन राघव

रामन राघव (इ.स. १९२९ – इ.स. १९९५) हा १९६० च्या दशकात मुंबई व तिच्या उपनगरांत खून करणारा भारतीय सिरियल किलर होता. तो सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशा अनेक नावांनी वावरत असे.

गुन्हे

१९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेमार्गालगतच्या पूर्व उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. त्यांपैकी ९ जण मृत्यू पावले. त्या वेळी पोलिसांनी रामनला ताब्यात घेतले होते. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पूर्वी पाच वर्षे कारावास भोगला होता. मात्र खुनांचा पुरावा न मिळाल्याने त्याला सोडून देण्यात आले. १९६८ मध्ये उत्तर उपनगरांत तशाच हत्या पुन्हा सुरू झाल्या. रात्री झोपलेल्यांच्या डोक्यावर जड, बोथट हत्याराने प्रहार केला जाई. मृतांत स्त्रिया व लहान मुलेही होती. भयभीत रहिवासी लाठ्या घेऊन पहारा देऊ लागले व संशयावरून निरपराध भिकाऱ्यांनाही मारहाण झाली.

अटक

तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे पोलीस उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी रामनला ओळखून पकडले. प्रारंभी मौन बाळगणाऱ्या रामनने कोंबडीचे जेवण मिळाल्यावर कबुली दिली. त्याने ४१ खून केल्याचे सांगितले.

खटला व शिक्षा

१९६९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला मृत्युदंड ठोठावला. त्याने अपील केले नाही. मात्र अशा शिक्षेला उच्च न्यायालयाची मंजुरी आवश्यक असल्याने प्रकरण तेथे गेले. न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याच्या पाच मुलाखती घेतल्या. आपण कायद्याचे प्रतिनिधी आहोत आणि इतर लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत, असे भ्रम त्याच्या ठायी आढळले. आधीच्या वैद्यकीय तपासणीत मनोरुग्ण न ठरलेल्या रामनला मंडळाने दीर्घकालीन संशयग्रस्त छिन्नमनस्कता असल्याचा निष्कर्ष काढला. त्यामुळे मृत्युदंडाचे रूपांतर जन्मठेपेत झाले.

मृत्यू

त्याला पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले व त्याच्यावर मानसोपचार सुरू राहिले. १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

चित्रपटांत

श्रीराम राघवन यांनी रामन राघववर लघुपट केला असून त्यात रघुवीर यादव यांनी मुख्य भूमिका साकारली. अनुराग कश्यप यांचा 'रमन राघव २.०' (२०१६) हा चित्रपट मात्र त्याचे चरित्र नाही.